मी ग्रस्त नव्हते

गणपती उठले की आठ दिवसांत लातूरची हवा बदलते. उन्हाला धार येते, रस्त्याकडेच्या चिखलाचा फुफाटा होतो आणि मला विनाकारण भांडावंसं वाटतं. आमचे हे ओळखून असतात. त्या दिवसांत ते स्वतःचा चहा स्वतः करून घेतात. वर्गात मी एखादीची हृदयाची आकृती आडवी रेघ मारून खोडते. तिच्या डोळ्यांत पाणी आलं की मला बरंही वाटतं आणि मेल्याहून मेल्यासारखंही होतं. इथल्या बाकीच्यांना या दिवसांत भूकंप आठवतो, गेलेली माणसं आठवतात. मला माझी जळजळ आठवते. सांगायला लाज वाटते, पण आता पन्नाशी आली. लाज तरी किती दिवस पुरवून वापरायची.

मी जीवशास्त्र शिकवते, एका शिकवणीत. लातूरला पोरं डॉक्टर व्हायला येतात आणि मी त्यांना हात देते. मी स्वतः झाले नाही. चौकाचौकांत फलक लागलेले असतात, त्यांवर फेटे बांधलेली पोरं हसत असतात, त्यांतली कितीतरी माझ्या हाताखालून गेलेली. बिलोलीहून, चाकूरहून आईबाप ट्रंका नि गाद्या घेऊन येतात आणि म्हणतात, मॅडम, पोरीला जरा जिद्द लावा. जिद्द कशी लावतात ते मला पक्कं ठाऊक आहे. शेजारच्या बाकावरचीचे मार्क किती आणि तुझे किती, एवढंच रोज विचारायचं. बाकीचं पोरगी आपोआप करते. याला मराठीत जुना चांगला शब्द आहे, पण तो फलकावर बरा दिसत नाही.

गेल्या दिवाळीत मी अमेरिकेला लेकीकडे निघाले होते. जन्मात पहिल्यांदा विमान, तेही हैदराबादहून. लेकीनं तिकीट काढताना मध्ये लिस्बनला दोन दिवसांचा मुक्काम टाकला, कारण तिथं महानंदा मावशी राहते आणि मावशीनं तिला फोन करून तसं बजावलं होतं. महानंदा म्हणजे बारावीला माझ्या खोलीत राहायची ती. नांदेडला डॉक्टर झाली, गोव्यात नोकरीला लागली, तिथल्याच एकाशी लग्न केलं आणि त्याच्या आजोबांच्या कुठल्याशा पोर्तुगीज कागदाच्या जोरावर दोघं तिकडं गेले. हे सगळं मला आमच्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून कळलेलं. मधल्या तीस वर्षांत आम्ही दोनदा भेटलो, दोन्ही वेळा दुसऱ्यांच्या लग्नात, हातात ताट धरून. मला तिच्याकडं दोन दिवस राहायचं नव्हतं. मला तिचं घर बघायचं होतं. या दोन गोष्टींत फरक आहे.

आणखी एक होतं. बारावीच्या, भूकंपाच्या त्या हंगामात मी एक गोष्ट केली होती, ती तिला सांगायची राहिली होती. सांगितल्याशिवाय मरायचं नाही असं मी ठरवलं होतं, आणि सांगायची हिंमत मात्र कधी झाली नव्हती. आता ती स्वतःहून बोलावत होती, दोन दिवस हाताशी होते. विमानात मी वाक्यं जुळवत गेले. तीस वर्षं फळ्यासमोर उभी राहून बोलणारी बाई मी, पण एक वाक्य धड जुळेना.

लिस्बन बघून मला पहिल्यांदा काय वाटलं असेल, तर राग आला. गाव सगळं उतारावर. घरांच्या बाहेरच्या भिंतींना टाइल्स, आपण न्हाणीघरात लावतो तशा, निळ्या-पांढऱ्या. खिडक्यांतून दोऱ्यांवर कपडे वाळत घातलेले, बनियन, चादरी, लहान पोरांचे मोजे. आपल्या गल्लीतही हेच असतं. पण लोक खाली उभे राहून त्यांच्या वाळवणाचे फोटो काढत होते. आपलं मात्र नुसतं धुणं. कोपऱ्यावर एक माणूस गाड्यावर कसलीशी फळं भाजत होता, त्याचा धूर नदीकडून येणाऱ्या वाऱ्यानं अंगावर यायचा. थेट आपल्याकडं शेतात शेंगा भाजल्यावर येतो तसला वास. महानंदानं कागदाच्या पुडीत मला ती घेऊन दिली. मी म्हणाले, आपल्या शेंगांना जास्त चव असते. ती मान डोलावून म्हणाली, हाव की. एवढ्यावर ती थांबली, त्याचाही मला राग आला.

तिची भाषा तशीच होती. वीस वर्षं परदेशात राहून बाई निलंग्याचंच मराठी बोलत होती, लई आणि न्हाई आणि करून राहिले. मी लातुरात राहून पुस्तकी झालेली. तिच्या शेजारणीनं जिन्यात किल्ली पुढं केली आणि काहीतरी म्हणाली, त्यात मला 'चावी'सारखं ऐकू आलं. महानंदा म्हणाली, अगं, तेच ते, बादलीपण यांचीच, चावीपण यांचीच. मला वाटलं, घ्या. घर बघायला आले तर माझ्या तोंडातले शब्दसुद्धा हिच्या गावचे निघाले.

आणि कोट. रस्त्यावर बाया लांब लोकरी कोट घालून चालत होत्या, राखाडी, तपकिरी, मोठ्या बटणांचे. मी एकदम थांबले. असले कोट मी आयुष्यात याआधी एकदाच बघितले होते, औशाच्या रस्त्याला, ढिगात. भूकंपानंतर कुठून कुठून ट्रक भरून कपडे आले. त्यांत हे कोट होते, फ्रॉक होते, उंच टाचेच्या सँडली होत्या. आपल्या बाया त्याचं काय करणार? रस्त्याच्या कडेला ढीग पडून राहिले, त्यांवर कुत्री झोपायची, पुढं एकानं सोयीनं बैलाच्या पाठीवर टाकले. ते कोट माणसाच्या अंगावर कसे दिसतात हे मला लिस्बनला कळलं. छान दिसतात.

बारावीला आम्ही राहायचो ते खालाकडं, खाला म्हणजे आमची लातूरची घरमालकीण. तिचा नवरा गाद्या-रजया भरायचा, त्याच्या आधी त्याचा बाप भरायचा, लातुरात बाहेरून येणाऱ्या निम्म्या पोरांच्या पाठीखाली यांचाच कापूस. तिच्या मागच्या खोलीत आम्ही दोघी, मी भोकरची, महानंदा निलंग्याकडच्या एका खेड्यातली. लातूर पॅटर्न तेव्हा नुकता गाजायला लागला होता. दर रविवारी परीक्षा, दर सोमवारी नोटीस बोर्डावर यादी. यादीत पहिली महानंदा, दुसरी मी. कधी पहिली महानंदा, तिसरी मी. उलट कधी झालं नाही. माझं नाव विजया, ते बोर्डावर दुसऱ्या ओळीत वाचताना मला माझ्या आईबापाचा राग यायचा.

ती अभ्यास करताना हलायची, पुढं-मागं, लहानपणी मठात बसून पाठ केल्यासारखी. तिची अव्वा, म्हणजे आई गौरव्वा, दर महिन्याला एसटीत कुणाच्या तरी हाती धपाटी आणि लाल चटणी पाठवायची, आणि ती सगळं मला अर्धं द्यायची. हे अर्धं देणंसुद्धा मला खुपायचं. पहिल्या नंबरानं दिलेलं अर्धं गोड लागत नाही.

त्या वर्षी विसर्जनाला तिला गावाकडं जायचं होतं. पिशवी भरून ठेवली होती. मी मनातल्या मनात म्हणत होते, जा, बाई, जा, म्हणजे विसर्जनानंतरची चाचणी चुकेल आणि सोमवारी वरची ओळ माझी. चार दिवस मी तिच्याशी लाडीगोडीनं बोलत होते, जा गं, अव्वा वाट बघत असेल. तिनं ऐन वेळी पिशवी खुंटीला लावली. म्हणाली, चाचणी झाल्यावर जाईन. मला इतका संताप आला की मी त्या संध्याकाळी तिच्याशी बोललेसुद्धा नाही. पहाटे जमीन हलली. दुपारपर्यंत कळलं की तिचं गाव राहिलेलं नाही. अव्वा, बापू, धाकटा भाऊ, सगळे माळवदाच्या माती-दगडांखाली. ती वाचली, कारण ती माझं ऐकून गेली नव्हती. हे मी एवढ्या वर्षांत कशाकशाखाली दडपून ठेवलं, पण गणपती उठले की ते वर येतंच.

लिस्बनला पहिल्या दुपारी जेवून आडवी झाले होते. महानंदाचं घर तिसऱ्या मजल्यावर, जुनं, लाकडी जमिनीचं. डोळा लागला आणि खिडकीची काच थरथरली. मग पलंग. मग कपाटातल्या कपबशा. मी काही विचार केला नाही. उठले, दार उघडलं, तिन्ही जिने अनवाणी उतरले आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले, नाइट गाऊनमध्ये, केस मोकळे. दोन पोरी पायरीवर कॉफी पीत बसल्या होत्या, त्यांनी सभ्यपणे दुसरीकडं बघितलं. कोपऱ्यावरून पिवळी ट्राम खडखडत वळत होती.

वरच्या खिडकीतून महानंदा म्हणाली, "ट्राम हाय गं ती. वर ये."

मी वर गेले नाही. तिथंच पायरीवर बसले. ती माझ्या चपला घेऊन खाली आली आणि शेजारी बसली. मी विचारलं, तुला कधी असं होत नाही का. म्हणाली, न्हाई. पहिल्या दिवशीपासून न्हाई. आणि मला तिथंही हेवा वाटला बघा. जिचं सगळं गेलं ती निवांत, आणि जिच्या भोकरच्या घरात फळीवरचा एक डबा पडला ती रस्त्यात. आमच्या पिढीचं हे एक आहे. लातूरकडचा माणूस कुठल्याही घरात शिरला की आधी दार कुठं आहे ते बघतो, मग माणसं. त्या हंगामात आम्ही उपड्या ताटावर तांब्या, तांब्यावर पेला असे रचून ठेवायचो. पेला पडला की पळायचं. मांजरानं पाडला तरी पळायचं.

तो हंगाम मला वासांनी आठवतो. खालाच्या अंगणात पत्र्याचं शेड घातलं होतं, त्यात आम्ही सगळे, आमची पुस्तकं, खालाच्या रजया. दिवसा पत्रा तापायचा. कापूस, घाम आणि गावांकडून आलेल्या माणसांच्या कपड्यांना लागलेली फवारणीची पावडर यांचा मिळून एक वास होता. वरून हेलिकॉप्टर जायचं. इमारतीत कुणी बसायला तयार नव्हतं, म्हणून चाचण्या मैदानात व्हायच्या, कडुलिंबाखाली, आणि पेपर उडू नये म्हणून प्रत्येकीच्या मांडीवर एकेक दगड. पुढं तूर आली, उकडलेल्या शेंगांचे ढीग आले, करडई पिवळी झाली. शेतांना काही कळत नव्हतं. ती वेळेवर आपलं काम करून राहिली होती.

आणि एक शब्द आला, ग्रस्त. कागदावर तो भूकंपग्रस्त असा होता, पण एवढं लांब कोण बोलतो. बसमध्ये, दवाखान्यात, रेशनच्या रांगेत लोक एकमेकांना विचारायचे, तुमी ग्रस्त हाव का? हाव, ग्रस्त हाव. तो ग्रस्त हाय, त्याला पुढं येऊ द्या. ग्रस्तांना सर्टिफिकेट, ग्रस्तांना पत्रे, ग्रस्तांना पुढच्या शिक्षणात काही जागा. हळूहळू लोकांच्या बोलण्यात त्याला धार यायला लागली. त्याचं काय बुवा, तो ग्रस्त. भेगा पडलेल्या घरांतली माणसं पडलेल्या घरांतल्या माणसांवर जळायला लागली. मला दुसऱ्यांचं माहीत नाही. मी जळत होते.

महानंदा मामासोबत गावाकडून परत आली, तेव्हा कॉलेजचे सर स्वतः तिला भेटायला अंगणात आले. पोरी तिच्या वह्या लिहून द्यायला लागल्या. ती पुस्तक उघडून पुढं-मागं हलत बसायची. सगळं लातूर तिच्याशी हळू आवाजात बोलत होतं. आणि सोमवारी यादी लागली की पहिली महानंदाच. मला वाटायचं, आता तरी. आता तरी नको होतं का हिनं एक नंबर खाली यायला? माणूस अठराव्या वर्षी किती नीच असू शकतो, हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही, स्वतःवरून सांगते.

मग थंडीच्या तोंडावर ते लोक आले. एक म्हातारे गृहस्थ आणि दोन बाया, लांबच्या कुठल्या गावाहून स्वतःच्या खर्चानं आलेले, सोबत पेटारा. शिकणाऱ्या मुलींना कपडे वाटत होते. महानंदा मामाकडं गेली होती. अंगणात मी एकटीच अभ्यास करत बसलेले आणि दाराशी खाला रजई टाचत होती. गृहस्थांनी विचारलं, इथं कुणी ग्रस्त मुलगी राहते का?

मी म्हणाले, "मीच."

त्यांनी वही काढली. घरी कोण कोण? मी म्हणाले, कुणी नाही. आई? मी म्हणाले, गेली. त्यांनी पेन थांबवून हळूच विचारलं, नाव काय गं तिचं? मी नाव सांगितलं. कौसल्या. त्यांनी ते लिहून घेतलं. माझी माय तेव्हा भोकरला कापूस वेचत असेल. म्हाताऱ्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, खरखरीत हात, आणि म्हणाले, पोरी, रडून घे, आम्ही बसलो आहोत. ते खरंच खाली मातीत बसले. आणि मी रडले. नाटक नव्हतं ते. हुंदके देऊन, नाक गळेपर्यंत रडले. दोन्ही बायाही रडल्या. उठताना त्यांनी मला एक निळं स्वेटर दिलं.

ते गेल्यावर खालानं सुईतला दोरा दातानं तोडला. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "मां को जीते जी नक्को मारो बेटा."

पुढच्याच आठवड्यात माय आली, भोकरहून एसटीनं, डोक्यावर पाटी, पाटीत ज्वारीचं पीठ आणि तिळाची चटणी. मी तिच्याकडं वर बघेना. खालानं तिला चहा दिला आणि म्हणाली, बाई, तुम्हारी तो उमर बढ़ गई. जित्या माणसाच्या मेल्याची बातमी उठली की आयुष्य वाढतं म्हणतात. मायला काही कळलं नाही, ती पदर तोंडाला लावून हसली. माय खरंच लई जगली. दरवर्षी तिला बघून मला बरं वाटायचं आणि त्या बरं वाटण्यात एक खडा असायचा. स्वेटर मी घातलं नाही. महानंदाला सांगितलं, घरून आलंय, मला टोचतं. तिनं ते हिवाळाभर घातलं.

निकाल लागला, तो मी खालाच्या घरी न थांबता थेट भोकरला जाऊन ऐकला. कॉलेजच्या बोर्डावर काय लावलं होतं ते बघायला गेलेच नाही. नांदेडच्या सरकारी मेडिकल कॉलेजची यादी माझ्याहून दोन मार्क वर बंद झाली. महानंदाला तिथं जागा मिळाली. गावात, नात्यात, बॅचमध्ये सगळे एकच म्हणाले, ती काय, ग्रस्तांतून झालं तिचं. मी हे वाक्य दोन्ही हातांनी धरलं. मी कधी कुणाला विचारलं नाही, कारण उत्तर मला पाहिजे तेच होतं. मला महानंदानं हरवलं नाही, भूकंपानं हरवलं, असं म्हटलं की रात्री झोप लागायची. माझं नांदेड तिला गेलं, तिचं लातूर माझ्या पदरात पडलं. मी बी.एस्सी. केलं आणि दुसऱ्यांच्या पोरी डॉक्टर करत बसले.

लिस्बनमधल्या दुसऱ्या सकाळी महानंदानं मला एका चर्चमध्ये नेलं. त्याला छप्पर नाही. लिस्बनलाही भूकंप झाला होता, पावणेतीनशे वर्षांपूर्वी, सगळं शहर आडवं झालं, आणि हे चर्च त्यांनी तसंच ठेवलं. कमानी उभ्या, वर मोकळं निळं आभाळ, मध्ये गवत, लोक तिकीट काढून येतात. मला ते सहन होईना. आपली जुनी गावं सोडून लोकांना माळावर एकसारख्या घरांत नेलं, जुन्या जागांवर बाभळी माजल्या. महानंदाला विचारलं तुझं घर कुठं होतं, तर तिला बोट दाखवता येणार नाही. आणि यांनी पडझड जपून ठेवली, वर तिच्यात बाकडी टाकली. माझ्या मनात आलं, हे बाकडं तरी आमच्याकडं पाहिजे होतं. त्याच बाकड्यावर आम्ही बसलो. विमान संध्याकाळचं होतं. मी मनाशी म्हटलं, आता नाही तर नाहीच.

जुळवलेलं एकही वाक्य आठवलं नाही. मी सरळ सांगून टाकलं. ती विसर्जनाला जावी म्हणून मी कशी वाट बघत होते ते सांगितलं. मीच ग्रस्त म्हणाले ते, मायचं नाव मेलेल्यांच्या वहीत लिहून दिलं ते, निळं स्वेटर. सर्टिफिकेटवर तुझी सीट झाली म्हणून मी तीस वर्षं तुझ्यावर जळले, हेही सांगितलं. सगळं तिच्याकडं न बघता, समोरच्या खांबाकडं बघत.

 महानंदा म्हणाली, सर्टिफिकेट तिनं लावलंच नव्हतं. मामानं काढून आणलं होतं, ते तसंच ट्रंकेत राहिलं. फॉर्मवर विचारलं होतं, भूकंपग्रस्त आहात काय, होय किंवा नाही. तिनं होय खोडलं होतं.

मी विचारलं, का?

"कागदावर लिवलं की ते खरं झालं असतं," ती म्हणाली. "मी कुणालाच सांगत नव्हते, विजे. कपडे वाटायला माणसं यायची, मलाबी विचारायची. मी म्हणायचे, न्हाई, आमच्याकडं सगळे बरे हायत. अव्वा बरी हाय. पुढच्या महिन्याला येणार हाय."

आणि मी काय करावं? मी मास्तरीण. माझ्या तोंडून निघालं, किती मार्क होते तुला? तिनं सांगितलं. माझ्याहून सात जास्त. दोन नाही, सात. तीस वर्षं मी जे धरून बसले होते ते एका मिनिटात गेलं, आणि खरं सांगते, तिची माणसं गेली याच्यापेक्षा त्या क्षणी मला ते सात मार्क जास्त लागले. हरले होते. निखळ, सरळ, जागत्या डोळ्यांनी हरले होते. मला तिथून उठून जावंसं वाटलं. गवतावर एक शाळकरी पोरगी वही घेऊन त्या कमानीचं चित्र काढत होती, मी तिच्याकडं बघत बसले.

मग महानंदा म्हणाली, "तू रडली व्हतीस का तवा? माय गेली म्हनून सांगितलंस तवा?"

मी म्हणाले, हो. खूप.

"खरं रडलीस?"

मी म्हणाले, खरं.

तिनं मान हलवली. "मी न्हाई रडले. अव्वा बरी हाय म्हनून सांगत होते ना सगळ्यास्नी. मग रडायचं कसं?"

ती पुढं-मागं हलत होती, अगदी थोडी, तिला स्वतःला कळत नसावं. म्हणाली, कसं झालं ते सांग. ते म्हातारे कोण होते, काय म्हणाले, सगळं सांग. मी सांगितलं. त्यांचा हात खरखरीत होता, ते मातीत बसले, पोरी, रडून घे म्हणाले. ती म्हणाली, पुन्हा सांग. मी पुन्हा सांगितलं, आता सावकाश, बायांनी कुठल्या रंगाची लुगडी नेसली होती तेही. ती ऐकत राहिली. डॉक्टर बाई, पन्नाशीची, स्वच्छ राखाडी कोट घातलेली. ती म्हणाली, अजून एकदा.

तिसऱ्यांदा सांगताना मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात सांगायला लागले. ते मातीत बसले. त्यांनी वही काढली. घरी कोण कोण, असं विचारलं. कुणी नाही. आई? गेली. त्यांनी पेन थांबवलं आणि विचारलं, नाव काय गं तिचं?

मी कौसल्या म्हणाले नाही. मी म्हणाले, गौरव्वा.